माशाचे फिले काढण्यासाठी विजेची सुरी : तारेची घ्यावी की बॅटरीची?

प्रश्न
कर्लीकाठ (मिनियापोलिस)

नमस्कार. मी मूळचा मालवण तालुक्यातला असून गेली अकरा वर्षे मिनियापोलिसला राहतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत, दर दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघे सहकारी गळ घेऊन कधी मिल लॅक्स तळ्यावर, तर कधी घराजवळच्या लहान तळ्यांवर जातो. मोठ्या तळ्यात गळाला वॉलाय मासा लागतो, लहान तळ्यांत क्रॅपी आणि ब्लूगिल लागतात. वॉलाय साधारण हातभर लांबीचा असतो. क्रॅपी आणि ब्लूगिल मात्र तळहाताएवढेच, पण लागले की एका दुपारी वीस-पंचवीस होतात.

माझी अडचण घरी परतल्यानंतर सुरू होते. माझ्या दोन्ही मुलांचा जन्म इथला. माझ्या आईने काट्यांसकट मासा खायला आम्हाला जसे शिकवले, तसे मी त्यांना शिकवू शकलो नाही आणि मासा काटा काढलेला असेल तरच ती खातात. त्यामुळे प्रत्येक माशाचे दोन्ही बाजूंचे फिले, म्हणजे मणक्यापासून सोडवलेले मांसाचे सलग तुकडे, काढून, कातडी सोलून, बरगड्यांचे काटे कापून टाकावे लागतात. हे सर्व मी साध्या लवचीक सुरीने करतो. पंचवीस माशांना दोन तासांहून अधिक वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशी उजव्या मनगटात कळा येतात. बरोबरचे दोघे जण विजेवर चालणारी सुरी वापरतात आणि त्यांचे काम माझ्या निम्म्या वेळात आटोपते.

मी दुकानात जाऊन पाहिले. तारेच्या सुऱ्या साधारण ५० ते १०० डॉलरला आणि बॅटरीच्या त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला आहेत. पाती ६ इंचांपासून ९ इंचांपर्यंत आणि त्याहूनही लांब मिळतात. प्रत्येक खोक्यावर मोटर किती जोरदार आहे हे ठळक अक्षरांत छापलेले आहे, परंतु पात्याविषयी फारसे काही लिहिलेले नाही. थँक्सगिव्हिंगला टर्की कापण्यासाठी घेतलेली स्वयंपाकघरातील विजेची सुरी आमच्याकडे आहे. तीच वापरावी का, असाही विचार मनात येतो.

आणखी एक गोष्ट आहे. माझा भाऊ मालवणला चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. हल्ली पाहुणे बोनलेस सुरमई मागतात, म्हणून येत्या डिसेंबरमध्ये त्याच्यासाठीही अशीच एक सुरी न्यावी असे मनात आहे. इथली सुरी तिथे चालेल का? ज्यांनी या सुऱ्या प्रत्यक्ष वापरल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहिले, तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १
पर्चप्रेमी (ग्रीन बे, विस्कॉन्सिन)

कर्लीकाठ, तुमचा प्रश्न मनापासून आवडला, कारण मीही याच वाटेने गेलो आहे. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी तळलेला मासा खाण्याची जुनी रीत आहे आणि त्यात यलो पर्चचा मान मोठा. पर्च हा वीतभर मासा. चार माणसांच्या जेवणाला वीस पर्च सहज लागतात. तेव्हा मासे साफ करण्याचा सराव मला भरपूर झाला आहे आणि आतापर्यंत मी तीन विजेच्या सुऱ्या वापरल्या आहेत.

खोक्यावरच्या मोटरच्या आकड्यांकडे प्रथम दुर्लक्ष करा. या सुरीचे खरे काम पाते करते. तिच्यात एकाला एक लागून दोन दातेरी पाती असतात. मोटर त्यांना उलटसुलट, म्हणजे एक पुढे जाताना दुसरे मागे, अशी हलवते. त्यामुळे मांस एका दिशेला ओढले न जाता जागच्या जागी कापले जाते. या दोन पात्यांमध्ये फट असेल, तर मांसाचे तंतू आणि कातडीचे पदर तिच्यात अडकतात आणि कापाची कड पिंजल्यासारखी निघते. म्हणून दुकानात सुरी हातात घ्यायला मिळाली, तर तारेचे पिन जोडलेले नाही किंवा बॅटरी काढलेली आहे हे पाहून पाती बसवा, टोकाकडे चिमटीत धरा आणि बाजूला हलवून पाहा. पाती एकमेकांपासून सुटत असतील तर ती सुरी घेऊ नका, मग मोटर कितीही दणकट असो.

लांबीविषयी सांगायचे तर क्रॅपी, ब्लूगिल आणि पर्च यांना ६ इंचांचे पाते योग्य आहे. याहून लांब पाते लहान माशाच्या पलीकडे बाहेर येते, त्याचे टोक कुठे चालले आहे ते दिसत नाही आणि पोटाकडचे मांस वाया जाते. वॉलायला साडेसात किंवा आठ इंच हवेत. तुम्ही दोन्ही प्रकारचे मासे धरता, म्हणून ज्या सुरीबरोबर दोन लांबींची पाती येतात, किंवा जिची पाती सुटी विकत मिळतात, अशी सुरी घ्या. सुटी पाती मिळणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट आहे. दातेरी पात्याला घरी धार लावणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे ते बोथट झाले की बदलावेच लागते. पाती मिळेनाशी झाली म्हणून माझी पहिली सुरी मोटर उत्तम असतानाही कपाटात पडून राहिली.

पात्याचा लवचीकपणाही पाहा. कातडी सोलताना पाते किंचित वाकून फळीला समांतर सरकले पाहिजे. तुमची टर्की कापायची सुरी इथेच कमी पडते, कारण तिची पाती ताठ असतात. अनेक जण तिनेच मासे करतात आणि बरगड्यांतून ती चांगली जातेही, परंतु क्रॅपीसारख्या पातळ माशाची कातडी सोलताना एक तर कातडी फाटते किंवा तिच्यावर मांस राहते. तरीसुद्धा नवी सुरी घेण्याआधी त्याच सुरीने चार-पाच मासे करून पाहा. विजेच्या सुरीची थरथर तुमच्या मनगटाला मानवते की नाही, हे एक पैसाही खर्च न करता समजेल. ही थरथर सर्वांनाच सोसत नाही. ज्या सुरीचे बटण सतत दाबून धरावे लागते तिने बोटेही आखडतात. बटण अडकवून ठेवण्याची सोय असलेली सुरी मनगटाला हलकी जाते, मात्र त्या सोयीबरोबर जोखीमही येते हे ध्यानात ठेवावे.

आता कापण्याची पद्धत सांगतो, कारण साध्या सुरीची सवय झालेला माणूस पहिल्या दिवशी विजेची सुरी हमखास दाबतो. तिला दाबायचे नसते. मासा फळीवर आडवा ठेवा. कल्ल्याच्या आणि छातीच्या पराच्या मागे पाते उभे उतरवा आणि मणक्याचा स्पर्श जाणवताच थांबा. तिथून पाते आडवे वळवून मणक्याला घासत शेपटीकडे सरकू द्या. बरगड्या तुटताना हाताला बारीक कटकट जाणवते. ती जाणवली नाही, तर पाते मणक्यापासून वर उचलले गेले आहे असे समजावे. शेपटीपाशी फिले पूर्ण तोडू नका. कातडीच्या पट्टीवर तो पुस्तकाच्या पानासारखा उलटा, म्हणजे कातडी खाली येईल, आणि त्याच ओघात मांस व कातडी यांच्यामधून पाते परत आणा. एवढ्यात फिले कातडीवेगळा होतो. खवले आधी काढण्याची गरजच राहत नाही आणि वेळ खरा तिथेच वाचतो.

बरगड्यांचा पडदा मात्र मी नंतर साध्या सुरीने कापतो. रापाला कंपनीची बर्च लाकडाच्या मुठीची जुनी सुरी मी त्यासाठीच ठेवली आहे. वॉलायच्या फिलेच्या मधोमध, डोक्याकडच्या भागात, बारीक काट्यांची जी एक रांग असते ती बोटाने चाचपून, दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पट्टीसारखी काढून टाकावी. मुलांच्या ताटात काटा येतो तो बहुधा तिथूनच. आणि कधी नॉर्दर्न पाइक लागला तर विजेची सुरी बाजूलाच ठेवा. त्याच्या पाठीच्या मांसात दुबेळक्यासारखे फाटे फुटलेले काटे असतात आणि ते चुकवत कापायला हळू चालणारी साधी सुरीच लागते. आपल्याकडच्या पाला माशाच्या काट्यांची ज्याला ओळख आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

राहिला तारेचा आणि बॅटरीचा प्रश्न. इथे मासे कुठे साफ करता याचा विचार करा. मिल लॅक्ससारख्या ज्या तळ्यांवर माशांच्या लांबीचे विशेष नियम आहेत, तिथे मासा पाण्यावर असताना डोके, शेपूट, पर आणि कातडीसकट अखंड आणि मोजता येईल असाच ठेवावा लागतो. म्हणजे होडीत फिले काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काठावरच्या रिसॉर्टवर मासे साफ करण्याची वेगळी खोली असते आणि तिथे विजेचे सॉकेट असते. घरी तर ते आहेच. मग बॅटरीसाठी दुप्पट पैसे कशाला द्यायचे? तिथून फिले घरी नेणार असाल, तर एक इंच चौरस कातडी खवल्यांसकट वॉलायच्या प्रत्येक फिलेवर ठेवण्याचा मिनेसोटाचा नियम आहे, म्हणजे तपासणीस मासा कोणता ते ओळखू शकतो. सुरी इतकी झरझर चालते की सगळी कातडी सोलून टाकण्याचा मोह होतो, म्हणून हे आवर्जून लिहिले.

मी स्वतः एकदा बॅटरीची सुरी घेतली होती. जानेवारीत गोठलेल्या खाडीवर पर्च धरायला गेलो असता तिची बॅटरी सातव्या माशाला बंद पडली. दोष संपूर्ण सुरीचा होता असे मी म्हणणार नाही. लिथियम बॅटरी कडाक्याच्या थंडीत आपली क्षमता गमावते, आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत ती चार्ज करणे तिला अपायकारक असते. तुम्ही हिवाळ्यात बर्फावर जात नाही असे दिसते, परंतु पुढे जाण्याचा बेत असेल तर दोन बॅटऱ्या असलेली सुरी घ्या आणि एक बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

शेवटी हातमोज्यांविषयी. मासे कापताना वापरायचे जे धारप्रतिबंधक हातमोजे मिळतात ते साध्या पात्याच्या चाचणीवर पारखलेले असतात. मोटरवर चालणाऱ्या दातेरी पात्यापुढे ते टिकतील असा भरवसा कोणीही देत नाही. मासा घट्ट धरण्यासाठी ते जरूर घाला, पण बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नका, आणि पाती बदलण्यापूर्वी तार सॉकेटमधून काढा. तीन सुऱ्यांच्या या सगळ्या काळात मला एकदाच जखम झाली, ती हाच नियम मोडल्यामुळे.

प्रतिसाद २
खाऱ्या पाण्याचा माणूस (गॅल्व्हेस्टन, टेक्सस)

पर्चप्रेमींनी गोड्या पाण्याच्या माशांविषयी जे लिहिले आहे त्याला माझी संपूर्ण सहमती आहे. खाऱ्या पाण्यात मात्र काही गोष्टी बदलतात आणि मालवणच्या सुरीचा विचार करताना त्या कदाचित उपयोगी पडतील.

आमच्या आखातात रेड ड्रम आणि शीप्सहेड हे मासे लागतात. दोघांचेही खवले जाड आणि बरगड्या लाकडासारख्या कठीण. विजेची सुरी वरून खवल्यांवर टेकवली की पहिल्या दोन-तीन माशांतच दाते बोथट होतात. यावर इथल्या लोकांचा उपाय असा की कल्ल्यामागचा पहिला छेद साध्या, जाड पात्याच्या सुरीने खवल्यांखालून टोक घालून द्यायचा आणि त्या छेदातून विजेची सुरी आत सरकवायची, म्हणजे ती फक्त मांसातून आणि बरगड्यांतून चालते. रेड ड्रमचा फिले आम्ही पुष्कळदा सोलतच नाही. खवले आणि कातडी तशीच ठेवून, तीच बाजू निखाऱ्याकडे करून भाजतो. खवल्यांचे कवच करपते आणि वरचे मांस आपल्याच रसात शिजते. असा मासा खायचा असेल तर सोलण्यासाठी लागणारे लवचीक पातेही नको.

खाऱ्या पाण्याच्या कामाला ८ किंवा ९ इंचांचे, थोडे ताठ पाते आणि जोरदार मोटर लागते. मोटरच्या शक्तीला इथे खरोखर महत्त्व आहे, कारण मोठ्या बरगड्यांत पाते अडले की कमजोर मोटर तापते. हाताला मुठीपाशी ऊब जाणवू लागली तर सुरी पाच मिनिटे बाजूला ठेवावी. हवा खेळण्यासाठी मुठीवर ज्या फटी असतात त्यांत माशाचा चिकटा आणि खारे पाणी जाऊ देऊ नये. माझी एक सुरी नेमकी अशीच गेली. फळी पाण्याच्या नळीने धुताना मी ती शेजारीच ठेवली होती.

इथेही लांबीची मर्यादा असलेल्या माशाचे डोके आणि शेपूट पाण्यावर असताना कापता येत नाही, त्यामुळे होडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला चिमटे लावून चालणाऱ्या सुरीची मला कधी गरज पडली नाही. धक्क्यावरच्या सॉकेटला गळती झाल्यास वीज तोडणारे संरक्षण आहे का, एवढे मात्र मी दर वेळी पाहतो. ओले हात, ओली फळी आणि तारेची सुरी एकत्र आल्यावर ही काळजी घ्यायलाच हवी.

प्रतिसाद ३
रापणीची लेक (मालवण)

कर्लीकाठ दादा, तुम्ही आमच्याच गावचे निघालात, म्हणून थोडे हक्काने लिहिते. माझे वडील रापणीवर जायचे आणि मी गेली अनेक वर्षे खानावळ चालवते. विजेची सुरी माझ्याकडे नाही, पण एका पाहुण्यांनी आणलेली सुरी मी दोन दिवस माझ्या स्वयंपाकघरात वापरून पाहिली आहे, त्यावरून सांगते.

तुमच्या भावाला बोनलेस सुरमई रोज किती लागते, हे आधी त्यांना विचारा. आपल्याकडे सुरमईच्या तुकड्या होतात, म्हणजे मासा मणक्यासकट आडवा कापला जातो. त्या कामाला ही सुरी निरुपयोगी आहे. मोठ्या सुरमईचा मणका तिच्या पातळ पात्याने कापायला जावे तर पाती वाकतात आणि काप वेडावाकडा येतो. बाजारातली कोळीण तेच काम कोयत्याच्या एका घावात करून देते. पापलेट आपण अख्खे तळतो, नाहीतर तुकड्या करतो. बांगड्याला चिरा पाडून मसाला भरतो. मोरी माशाची (लहान शार्कची) कातडी काचपेपरासारखी असते, तिच्यावर ही सुरी चालवली तर पाती वाया गेलीच म्हणून समजा. म्हणजे आपल्या रोजच्या माशांपैकी या सुरीला साजेसे काम फार थोडे आहे.

परंतु फिले काढायचेच असतील तर सुरमई, रावस आणि तांबोशी या तीन माशांना मी तिला चांगले गुण देईन. तांबोशीचे खवले आधी काढून घ्यावे लागले. सुरमईला खवल्यांचा त्रास नाही, पण तिचे मांस मऊ असते. दुपारच्या उन्हात बाजारातून आणलेली सुरमई मी तशीच कापायला घेतली तेव्हा थरथरीने तिच्या पाकळ्या सुटू लागल्या. दुसऱ्या दिवशी मासा बर्फात दोन तास ठेवून, घट्ट झाल्यावर कापला आणि अगदी सरळ फिले निघाला. सुरी कोणतीही घ्या, बर्फाची तयारी आधी करा.

मणक्याला बरेच मांस चिकटून राहते अशी तक्रार पाहुणे करत होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही. फिले निघाल्यावर उरलेला मणका आणि डोके यांचे कालवण इतके चवदार होते की मणक्याला थोडे मांस राहिलेलेच बरे. पाहुण्यांना बोनलेस तळून वाढावे आणि त्याच माशाचे कालवण भाताबरोबर द्यावे. ताटात मासा दोनदा येतो आणि काही फुकट जात नाही.

आपल्या हवेविषयीही एक सांगायचे आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पाहुणेही कमी असतात आणि सुरी पडून राहते. खाऱ्या, दमट हवेत स्टीलच्या पात्यांवरसुद्धा ठिपके येतात. मी माझ्या साध्या सुऱ्या पावसाळ्यापूर्वी धुऊन, उन्हात वाळवून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून कागदात गुंडाळते. या सुरीची पाती तर सुटी होतात, त्यामुळे ते सोपेच आहे. आणि आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून भावासाठी बॅटरीची सुरी बघावी असे मला वाटते.

प्रतिसाद ४
तारा आणि वेटोळी (पुणे)

मी मासेमार नाही, परंतु विजेच्या मोटरींचे काम करतो, म्हणून तेवढ्याच भागाविषयी लिहितो.

अमेरिकेत घेतलेली तारेची सुरी १२० व्होल्टवर चालते आणि मालवणला २३० व्होल्ट आहेत. केवळ पिन बदलणारा अडॅप्टर लावून ती जोडल्यास व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होते आणि तेवढ्याच रोधातून खेचली जाणारी शक्ती साडेतीन पटींहून अधिक वाढते. सुरी काही क्षण भयंकर वेगाने चालेल आणि मग वेटोळी जळतील. पिन बदलणे आणि व्होल्टेज बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा घोटाळा करून आणलेली परदेशी उपकरणे माझ्या टेबलावर नेहमी येतात.

व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तर ती सुरी चालू शकते. सुरीवरच्या पट्टीवर अँपिअरचा आकडा असतो, त्याला १२० ने गुणा आणि त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या. उदाहरणार्थ, १.२५ अँपिअर असेल तर गुणाकार १५० येतो, म्हणून ३०० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर हवा. मात्र हा लोखंड-तांब्याचा जड ठोकळा मासे धुण्याच्या ओट्याजवळ ठेवणे मला पसंत नाही. भारतात २३० व्होल्टची, पाव आणि मांस कापण्याची विजेची सुरी मिळते. तिची पाती ताठ असतात, पण सुरमईच्या जाड फिलेला ती पुरेशी ठरू शकेल.

बॅटरीच्या सुरीचे गणित सोपे आहे. तिच्या चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिलेले वाचा. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे असेल तर तो दोन्ही देशांत चालतो आणि फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. केवळ १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर घेऊ नका. विमानात सुरी आणि पाती विमान कंपनीकडे सोपवायच्या (चेक-इन) सामानात, नीट गुंडाळून ठेवावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात. त्यांची मर्यादा साधारणपणे १०० वॅट-तास आहे. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. ७.४ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम १५ वॅट-तासांची होते, त्यामुळे चिंता नाही.

भावाच्या स्वयंपाकघरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) बसवलेला नसेल, तर सुरी कोणतीही असो, तो आधी बसवून घ्या. चार्जर ओट्यावर न ठेवता कोरड्या भिंतीला लावावा.

कर्लीकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पर्चप्रेमींच्या सांगण्यावरून गेल्या शनिवारी टर्कीच्या सुरीने सहा क्रॅपी आणि दोन वॉलाय करून पाहिले. मनगटाला थरथर सोसली आणि दुसऱ्या दिवशी कळा आल्या नाहीत. वॉलाय समाधानकारक निघाले. बरगड्यांची कटकट पहिल्याच माशात हाताला जाणवली आणि शेपटीपाशी फिले उलटून सोलण्याची रीतही साधली. क्रॅपीच्या बाबतीत मात्र अगदी तुम्ही लिहिल्याप्रमाणेच झाले. सहापैकी चार माशांची कातडी फाटली आणि पोटाकडचे मांस कातडीबरोबरच गेले.

त्यामुळे माझ्यासाठी तारेची, ६ आणि ८ इंचांच्या लवचीक पात्यांची सुरी घेण्याचे ठरवले आहे. एका दुकानात दोन सुऱ्यांची पाती बसवून, टोकाला धरून पाहिली. त्यांतली महागडी सुरीच अधिक हलत होती. दुसरीची सुटी पाती त्याच दुकानात टांगलेली होती, म्हणून तीच घेणार आहे.

भावाशीही बोललो. त्याला आठवड्यातून दोन-तीन दिवसच बोनलेस लागते आणि एका वेळी एकच मोठी सुरमई पुरते. एवढ्या कामासाठी बॅटरीची सुरी नेण्याऐवजी चांगली लांब, लवचीक साधी सुरी आणि बर्फाची पेटी द्यावी, असे आता मला वाटू लागले आहे. रापणीची लेक, तुम्हाला यावर काय वाटते?

रापणीची लेक (मालवण)

दादा, एका सुरमईसाठी साधी सुरीच बरी. आठ-नऊ इंचांचे लवचीक पाते असलेली आणि, जमल्यास, धार लावायच्या दगडासकट आणा. भावाला म्हणावे, मासा सकाळी आणल्या आणल्या पोट साफ करून बर्फात ठेवा आणि दुपारच्या जेवणाच्या तासभर आधी फिले काढा. एका सुरमईला सवय झाल्यावर पंधरा मिनिटे लागतात. ते एक-दोनदा माझ्याकडे आले तर मणक्याला सुरी लावून कशी न्यायची ते मी समोर करून दाखवीन. डोके टाकू नका म्हणावे. कल्ले काढून, दोन भाग करून कालवणात घाला.

पर्चप्रेमी (ग्रीन बे, विस्कॉन्सिन)

कर्लीकाठ, पाती घेताना ६ इंचांची एक जोडी जास्तीची घ्या. क्रॅपीच्या हंगामात तीच आधी बोथट होतात. प्रत्येक वेळी काम झाल्यावर पाती सुटी करून, गरम पाण्यात साबणाने जोडीच्या आतल्या बाजूनेही घासा. चिकटा तिथेच सुकून बसतो आणि पुढच्या खेपेला पाती जड चालतात. मूठ पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.